ताईनं बांधलेले गठ्ठे

मास्तरांना लाल रंग दिसत नसे. लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी हे सगळे त्यांना एकाच चिखलातून काढल्यासारखे वाटत आणि गुलाबी म्हणजे धुऊन धुऊन विटलेला राखाडी. निळा आणि पिवळा तेवढा स्वच्छ कळे. एखाद्या कारकुनाचं असं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मास्तर होते शिंपी. शिंप्याला रंग कळत नाही म्हणजे आचाऱ्याला मीठ कळत नाही, आणि असल्या आचाऱ्याच्या पंगतीला कोण बसणार? म्हणून वयाच्या एकसष्टीपर्यंत मास्तरांनी ही गोष्ट पोटात ठेवली. ती माहीत होती एकट्या ताईला. निदान मास्तरांचा तसा समज होता.

ताईला ती कळली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मास्तर सहा. दुकान तेव्हा वडिलांचं होतं. वडिलांनी लाल दोऱ्याचं रीळ मागितलं, पोरानं तपकिरी नेऊन दिलं आणि एक थप्पड खाल्ली. पुन्हा मागितलं, पोरानं हिरवं नेलं आणि दुसरी खाल्ली. संध्याकाळी ताईनं तीन रिळं त्याच्यापुढं मांडली.

"यातलं वेगळं कुठलं?"

"तिन्ही सारखीच तर आहेत."

ताई हसली नाही. बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. मी लावून देत जाईन." दुसऱ्या दिवसापासून रिळांचा क्रम ठरला. डावीकडून पहिली चार लाल, मग तीन तपकिरी, मग हिरवी. वडिलांना वाटलं, पोरगी व्यवस्थित आहे.

पुढं वडील गेले, ताई लग्न होऊन गेली आणि दुकान मास्तरांकडं आलं. ती काही वर्षं त्यांनी कशी काढली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता "हा तुमचा कुठला म्हणायचा, सांगा बरं," असं म्हणून त्याच्याच तोंडून रंग काढून घेण्यात ते तरबेज झाले. दोनदा लग्नाची बोलणी झाली आणि दोन्ही वेळा ऐन वेळी मास्तरांनीच पाय मागं घेतला. नव्या माणसाला आठवड्यात कळणार, मग तिच्या माहेरी कळणार आणि मग गावभर. त्यापेक्षा एकटं बरं.

मग ताईचा नवरा अचानक गेला आणि ती तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन परत आली. पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या, एवढं ते घर. ताईनं बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि पहिलं काय केलं, तर रिळं पुन्हा लावली.

गोधड्यांची कल्पनाही तिचीच. लोक तयार कपडे घ्यायला लागले होते, शिलाईचं काम रोडावलं होतं, आणि कापणीच्या टेबलाखाली उरलेल्या तुकड्यांचा ढीग साचला होता. मास्तरांचा हातचा धावदोरा असा बारीक, की मुंगीनं पावलं मोजत जावं. ताई म्हणाली, "रंग मी निवडते, टाका तू घाल." तिनं तुकडे रंगांप्रमाणे वेगळे केले आणि कापडाच्या पट्टीनं गठ्ठे बांधून फळीवर रचले. निळ्या-पिवळ्यांना खुणेची गरज नव्हती. बाकीच्यांवर चिठ्ठी लावायची ठरली, आणि तिथंच घोडं अडलं. लाल गठ्ठ्यावर 'लाल' लिहिलं तर गिऱ्हाईक विचारणार, मास्तर, हे काय, डोळे आहेत ना?

"मग दुसरं काहीतरी लिहू," ताई म्हणाली. "लाल म्हणजे चिडका."

"आणि हिरवा?"

"समजूतदार. नारिंगी भुकेला. गुलाबी लाजरा."

"तपकिरी?"

"बाबा," ताई म्हणाली आणि दोघं एवढी हसली, की भाची झोपेतून उठून बसली. चिठ्ठीवर मात्र तिनं 'म्हातारा' असं लिहिलं.

या चिठ्ठ्यांनीच मास्तरांचं नाव झालं. एका शाळेतल्या बाईंनी फळीवर वाचलं, 'समजूतदार', 'लाजरा', आणि त्या भारावूनच गेल्या. मास्तर माणसाच्या स्वभावाला धरून गोधडी शिवतात, असं त्यांनी सगळीकडं सांगितलं. मग लोक यायला लागले. कुणाच्या सासूला झोप नाही, कुणाचा मुलगा तापट, कुणाची सून अबोल. मास्तर गंभीर तोंडानं ऐकून घेत आणि तापट मुलासाठी समजूतदाराच्या चार पट्ट्या आणि चिडक्याचा एकच ठिपका, असा हिशेब करत. अबोल सुनेला भुकेला आणि पिवळा. गुण येत असे की नाही देव जाणे, पण गोधडी परत म्हणून कुणी आणली नाही. "तुमचे रंग मनाला भिडतात हो," असं कुणी म्हटलं की मास्तर मान लववत आणि आतल्या दाराआड ताईची बांगडी हळूच वाजे. ती हसते आहे हे त्यांना कळे.

तीस वर्षं असं चाललं. भाची शिकली, नोकरी लागली, दूरच्या शहरात गेली. चिठ्ठ्यांवर हळूहळू नवे शब्द येऊ लागले. भाचीचा निकाल लागला त्या आठवड्यात 'खुशीत' नावाचे दोन मोठे गठ्ठे आले. ती गेली त्या वर्षी 'वाट पाहणारा' आला. मास्तरांना वाटलं, नव्या छटा बाजारात आल्या असतील. कापडवाल्याच्या पुस्तकात म्हणे एका हिरव्याचेच चाळीस प्रकार असतात. आपल्याला काय, ताई सांगेल तो रंग. शेवटच्या तीन वर्षांत 'थकलेला' आला, 'गप्प' आला, 'नकोसा' आला. मास्तर ते कमी वापरत, कारण त्या स्वभावाची गोधडी कोण मागणार? ते गठ्ठे खालच्या फळीवर साठत गेले.

एका दुपारी मात्र त्यांनी विचारलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कुणी विचारलं नाही'.

"ताई, असा कुठला रंग असतो?"

"असतो," ती म्हणाली. "तुला दिसत नाही. मला दिसतो."

मास्तर हसले आणि कात्रीला धार लावायला बसले.

ताई गेली ती एका दुपारी, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना. अर्धी चादर दोरीवर होती आणि अर्धी तिच्या हातात. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच दमलेलं असणार, धाप लागत असेल, तक्रार नाही का केली कधी? मास्तर म्हणाले, नाही. मग त्यांना वाटलं, आपण नाही म्हणालो खरं, पण आपल्याला माहीत आहे का? भाची आली, आठ दिवस राहिली आणि गेली.

त्यानंतर घर असं शांत झालं, की मशीन थांबलं की मास्तरांना स्वतःचा श्वास ऐकू येई. तुकडा हातात घेऊन ते आतल्या दाराकडं वळत, "ताई, हा कुठला?" असं म्हणत, आणि मग तो तुकडा तसाच टेबलावर ठेवून देत. दिवसातून तीन-चारदा हे व्हायचंच. टेबलाच्या त्या कोपऱ्यावर अशा तुकड्यांची एक थप्पीच झाली. एका गृहस्थाच्या तपकिरी कोटाला त्यांनी हिरव्या दोऱ्यानं बटणं लावून दिली. गृहस्थ भला होता. "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," एवढंच म्हणाला. मास्तरांनी घाईघाईनं हो म्हटलं. रिळांच्या फळीवर बाहेरून आणलेली चार नवी रिळं कुठंही खोचलेली होती आणि एकदा बिघडलेला क्रम आता लावणार कोण?

मग त्यांनी ठरवलं, ताईच्या आठवणीची एक गोधडी करायची आणि भाचीला द्यायची. रंगांसाठी कुणाचं तोंड बघायला नको होतं. फळीवर ताईचे गठ्ठे होते, त्यांवर तिच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. दुःखाची गोधडी आहे, तर रंगही तसेच हवेत. त्यांनी खालच्या फळीवरचे 'थकलेला', 'गप्प' आणि 'नकोसा' काढले. डोळ्यांनाही ते सगळे काळपट, मातकट दिसत होते. बरोबर आहे, त्यांना वाटलं, शोकाला हेच शोभतं. सहा आठवडे त्यांनी दुसरं काही शिवलं नाही. एवढा बारीक टाका त्यांनी उभ्या जन्मात घातला नव्हता. अस्तर शेवटचं जोडून झालं तेव्हा त्यांनी गोधडी मांडीवर घेतली आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं रडले.

सकाळी दुकानापुढं दोरी बांधून त्यांनी ती हवेवर टाकली. समोर इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्रीवाली हातातली इस्त्री उभी करून दारात आली, गोधडीकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं आणि आत गेली. शाळेतल्या बाई रस्त्यानं चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"अरे वा, मास्तर! सावरलात म्हणायचं. बरं वाटलं हो बघून."

मास्तरांना त्या शब्दांचा अर्थ लागेना. दुपारी दोन पोरी दोरीखाली उभं राहून फोटो काढून गेल्या. शोकाच्या गोधडीपुढं उभं राहून हसत फोटो काढतात, हे त्यांना विचित्र वाटलं, पण हल्लीची मुलं, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

ताईला दोन महिने झाले तेव्हा भाची आली. मास्तरांनी घर झाडून ठेवलं होतं आणि गोधडी घडी घालून तिच्या पलंगावर ठेवली होती. ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, ही कुणाची?"

"तुझी. तुझ्या आईसाठी केली."

"आईसाठी?" तिचा आवाज चढला. "लालभडक, पोपटी, राणी रंग! जत्रा भरलीय नुसती. आई जाऊन दोनच महिने झालेत, मामा. तुला एवढा आनंद झालाय?"

मास्तर खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. "लालभडक?" त्यांनी विचारलं. "कुठं आहे लाल?"

भाची त्यांच्याकडं बघत राहिली. आणि मग पंचावन्न वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट मास्तरांनी तिथंच, उभ्या उभ्या, चार वाक्यांत सांगून टाकली. सांगायला एवढा कमी वेळ लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

भाची पलंगावर बसली. "म्हणजे आई रोज बसून..."

"हो. मी तिच्याच चिठ्ठ्यांप्रमाणे शिवलं. थकलेला, गप्प, सगळे उदास रंग घेतले. तिनंच लिहिलेत."

"दाखव मला."

दोघांनी उरलेले गठ्ठे टेबलावर आणले. भाची एकेक सोडत गेली आणि मास्तर चिठ्ठी वाचत गेले.

"चिडका," मास्तर म्हणाले. गठ्ठा फार जुना होता.

"लाल."

"खुशीत."

"हा पण लाल. तोच लाल आहे, मामा. हे बघ, पोतसुद्धा तेच."

"वाट पाहणारा."

"हिरवा, लाल, थोडा गुलाबी." ती थांबली. "हे कुठल्या वर्षीचं?"

"तू गेलीस त्या वर्षीचं."

भाचीनं पुढचा गठ्ठा ओढला. त्याच्यावर 'थकलेला' होतं, आत झगझगीत नारिंगी होता, नवा कोरा. 'गप्प' मध्ये पोपटी. मास्तर आता वाचत नव्हते, नुसते चिठ्ठ्या तिच्यापुढं सरकवत होते. शेवटी 'कुणी विचारलं नाही' आला. भाचीनं गाठ सोडली आणि तुकडे पसरले.

"यात कुठलाच नाही," ती म्हणाली. "म्हणजे सगळेच आहेत. निवडलेलेच नाहीत रे. नुसते गोळा करून बांधलेत."

मास्तरांना ती दुपार आठवली, कात्रीची धार आठवली. रंगांची नावं म्हणून आपण जे वाचत होतो, ते रंग नव्हतेच. तीन वर्षं रोज ती त्यांच्या हातात चिठ्ठी देत होती आणि ते तुकडा उजेडात धरून बघत होते.

"तू दिवसभर तिच्यासमोर बसायचास," भाची म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "दिवसभर, मामा."

"हो."

"तुला दिसलं नाही?"

"नाही."

 तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी तरी काय? दर रविवारी फोन करायचे. कशी आहेस? बरी आहे. ठेवू? ठेव."

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं गोधडी बॅगेत कोंबली. चेन लागेना, तेव्हा स्वतःचे दोन कपडे काढून पलंगावर ठेवले. मास्तर म्हणाले, "राहू दे, तुला आवडली नाही." ती म्हणाली, "आवडायचा प्रश्न नाही," आणि गुडघा टेकून चेन ओढली.

ती गेल्यावर मास्तर बराच वेळ दुकानात बसले आणि मग उठून समोर गेले. समोरच्या दुकानाची पायरी चढण्याची ही त्यांची पाच-सात वर्षांतली पहिलीच वेळ असावी. कपडे न्यायला-आणायला ताईच जायची.

"वहिनी, एक सांगायचंय. मला लाल रंग दिसत नाही."

"माहीत आहे," इस्त्रीवाली म्हणाली आणि शर्टाची बाही उलटी केली.

"कुणी सांगितलं?"

"ताईंनी. दुपारी येऊन बसायच्या ना इथं. तुम्ही जेवून लवंडायचात तेव्हा."

मास्तरांना हेही माहीत नव्हतं. ते स्टुलावर बसले. "काय बोलायची?"

"काही नाही. मीच बडबडायची, त्या ऐकायच्या. कपड्यांना घडी घालून द्यायच्या, नको म्हटलं तरी." तिनं इस्त्री कॉलरवर फिरवली. "एकदाच म्हणाल्या होत्या, आमच्या घरात मला दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी विचारतं, पण विचारतं ते फक्त रंग."

कापडातून वाफ निघत होती. मास्तर स्टुलाच्या कडेवर हात फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मला रंग सांगत जाल?"

"लाल आहे, हिरवा आहे, एवढं सांगीन. ते मनाबिनाचं मला जमायचं नाही हं, मास्तर. माझ्याकडं ढीग पडलाय."

"नको," मास्तर म्हणाले. "एवढंच पुरे."

तसंच सुरू झालं. सकाळी ते तुकड्यांची पिशवी घेऊन समोर जातात, ती कामावरून नजर न काढता "लाल, लाल, हिरवा, हा तपकिरी, हा फाटकाय टाकून द्या," असं म्हणते, आणि मास्तर पेन्सिलीनं कागदावर तेच लिहितात. गल्लीला एव्हाना सगळं कळलं आहे. काही गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली, ती येताना रंग स्वतःच सांगतात आणि जरा मोठ्यानं सांगतात, जणू मास्तरांना ऐकूही येत नाही. शाळेतल्या बाई मध्यंतरी आल्या होत्या. बहिणीसाठी एक समजूतदार गोधडी हवी होती. मास्तर म्हणाले, "आता तशा होत नाहीत, बाई. हिरवी देतो." बाई हिरवी घेऊन गेल्या, पण पहिल्यासारख्या भारावल्या नाहीत. खरंच त्या गोधडीत काही कमी असावं. मास्तरांना ते बघून कळण्यातलं नव्हतं.

ताईचे गठ्ठे त्यांनी पुन्हा बांधून ठेवले आहेत. ते वापरत नाहीत. कधी काम नसलं की फळीसमोर उभे राहून तारखेचा अंदाज बांधतात. हा 'नकोसा' कधीचा असेल? त्या दिवसांत आपण काय करत होतो? बहुतेक वेळा त्यांना काहीच आठवत नाही.

रविवारी आता फोन मास्तर करतात. फोनवर बोलण्याची त्यांना सवय नाही. पहिल्या दोन रविवारी अर्ध्या मिनिटात आटोपलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, "कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मी बरा आहे."

 ती आता 'ठेवू?' म्हणणार हे त्यांना कळलं.

"बरी म्हणजे कशी?" मास्तरांनी घाईनं विचारलं.

 भाची म्हणाली, "म्हणजे... काही नाही रे. सकाळपासून उठावंसंच वाटलं नाही. स्वयंपाकाचा कंटाळा आला, बिस्किटं खाल्ली नुसती."

मास्तरांनी पायानं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

"कुठली?" त्यांनी विचारलं.